वरचा ठिपका

मी एक जुना सेंटर पंच आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, आयुष्यात मी एकही खूण चुकीच्या जागी मारलेली नाही. पहिली सोडून. पहिली खूण बबनराव लोहारांच्या डाव्या अंगठ्यावर पडली. तीसुद्धा नखाच्या अगदी मधोमध होती, पण बबनरावांनी तिचं कौतुक केलं नाही.

तुमच्यातल्या काहींना पंच म्हणजे काय ते माहीत नसेल. माहीत असल्यासारखी मान हलवू नका, मला कळतं. मी अर्ध्या वितीची पोलादी कांडी आहे. खाली पेन्सिलीसारखं टोक आणि वर मार खायला सपाट डोकं. लोखंडाच्या जाड पत्र्याला भोक पाडायचं असलं की ड्रिलचं पातं त्या गुळगुळीत पत्र्यावर घसरतं आणि भलतीकडंच जाऊन भोक पाडतं. म्हणून आधी मला त्या जागी उभं करतात आणि माझ्या डोक्यात हातोडा घालतात. तिळाएवढा खळगा पडतो. मग ड्रिल त्या खळग्यात नाक खुपसतं आणि मुकाट्यानं सरळ खाली जातं.

आता ड्रिलचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तो गडी मला कधीच विश्वासाचा वाटला नाही. तो बरोब्बर माझ्या खुणेवर येतो आणि खूण खाऊन टाकतो. मागं भोक राहतं, माझी खूण राहत नाही. उद्या कुणी विचारलं की हे भोक इतकं नेमकं कुणामुळं पडलं, तर मी दाखवू काय? पुरावाच शिल्लक ठेवत नाही तो. एखाद्याच्या मनात काही काळंबेरं नसेल तर तो इतकी स्वच्छता कशाला पाळेल?

माझा जन्म चिंचवडचा. त्याआधी मी गोल कानस होतो. घासून घासून दात गेले तेव्हा बबनरावांनी मला भट्टीत घातलं, ठोकलं, टोक काढलं आणि पाणी पाजलं. पाणी पाजलं म्हणजे काय, तर लालबुंद करून तेलात बुडवलं. नाव पाण्याचं आणि बुडवायचं तेलात. माणसांच्या बोलण्यावर जपूनच विश्वास ठेवायचा, हे मी त्याच दिवशी शिकलो.

छप्पन साली मी मुंबई-पुणे रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागलो. तेव्हा आजच्यासारखी कारखान्यांची गर्दी नव्हती. चहूकडं ज्वारी, मध्येच आमची शेड आणि शेडमध्ये ठाणठाण. तिथं लोखंडी टाक्या व्हायच्या.

शेडचे फोरमन नानासाहेब. मुंबईच्या गोदीत पंधरा वर्षं काढून आलेले. गोदीत त्यांच्या डोळ्यांदेखत काय काय चोरीला गेलं हे ते सांगायचे, आणि दर वेळी सांगताना चोरीचा माल वाढायचा. त्यांचा कुणावर विश्वास नव्हता. खडूसुद्धा कुलपात. जेवणाचा डबा कुणी उघडला तर कळावं म्हणून ते डब्याला दोरा बांधून सात गाठी मारायचे. त्यामुळं जेवायच्या सुट्टीत निम्मा वेळ ते गाठी सोडत बसायचे आणि उरलेल्या वेळात गार भाजी खायचे.

ड्रिलवर ज्योतीराम होता, बीडकडचा. त्याला उलट असा संशय की सगळं जग त्याच्यावर संशय घेतंय. शेडमध्ये कुठं काही खट्ट झालं की हा लांबून ओरडून सांगायचा, म्या न्हाई केलं. त्यामुळं सगळे त्याच्याकडंच बघायचे.

आणि माझा धनी सोनबा. पिंपरी गावचा, पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी पिकवणाऱ्या घरातला. आमची शेड जिथं उभी होती ते त्याचंच वावर. जमीन देताना शेठनं शब्द दिला होता की घरातल्या एकाला नोकरी. नोकरी मिळाली, पण हंगामी. दोन वर्षं झाली तरी हंगामीच. जमीन मात्र पहिल्याच दिवशी कायमची गेली होती. सोनबाचं सगळं आयुष्य आता एका कागदावर अडकलं होतं. तो कायम झाल्याचा कागद. त्याची बायको रुक्मिणीबाई रोज संध्याकाळी एकच विचारायची, झालं का? आणि तो रोज म्हणायचा, व्हायचंय.

सोनबाचं काम खुणा मारायचं. पत्र्यावर रेघा आखायच्या आणि मला उभं करून ठिपके पाडायचे. तो पत्र्यासमोर गुडघे टेकून बसायचा, फुंकर मारायचा, आणि पेरणीच्या वेळी दाणा टाकावा तसा मला अलगद टेकवायचा. एवढ्या प्रेमानं वागणाऱ्या माणसाचं खरं तर मला कौतुक वाटायला हवं होतं. पण लगेच पुढं तोच माझ्या डोक्यात हातोडा घालायचा, त्यामुळं मी मत राखून ठेवलं.

असं चाललं होतं आणि नगरकडच्या एका साखर कारखान्याचं काम आलं. सहा मोठ्या टाक्या. प्रत्येकीवर बैलगाडीच्या चाकाएवढं गोल झाकण, चोवीस बोल्टांनी आवळलेलं. नळाची भोकं तिकडं नेऊन पाडायची होती, त्यामुळं झाकण लागलं की टाकीत शिरायला मुंगीलासुद्धा वाट नव्हती. नानासाहेबांनी सोनबाला बोलावून सांगितलं की टाक्या वेळेवर आणि बिनतक्रार गेल्या तर शेठ कागदावर सही करणार आहेत. सोनबा त्या दिवशी घरी चालत गेला नाही, जवळजवळ उडत गेला.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झालाय. झाकण टाकीवर ठेवून दोन्हींना एकदमच भोकं पाडली होती. हाताचं काम, त्यामुळं चोवीस भोकांमधलं अंतर दर टाकीला थोडं थोडं वेगळं. ज्या टाकीचं झाकण त्याच टाकीला बसणार, दुसरीला बसणार नाही. पण रंग द्यायला झाकणं काढावी लागणार होती. मग कुठलं कुणाचं हे ओळखायचं कसं? त्यासाठी नानासाहेबांनी गोदीतली पद्धत काढली. पहिल्या टाकीला एक ठिपका, तिच्या झाकणाला एक ठिपका. दुसरीला दोन, तिच्या झाकणाला दोन. असं सहापर्यंत. मग ठिपक्यांसमोर ठिपके आणले की झाकण बसलं.

ड्रिल हे ठिपके खाऊ शकणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या खुणा शाबूत राहणार होत्या. मी खूश होतो.

शेडमध्ये पंच मी एकटाच. सकाळी ज्योतीरामनं मला नेलं आणि टाक्यांवर ठिपके मारले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक टाकीनंतर तो तीनदा मोजायचा आणि मागं वळून बघायचा. दुपारी सोनबानं मला घेतलं आणि झाकणं मारायला बसला.

पहिलं झाकण. एक ठिपका मारला. मग मला किंचित बाजूला सरकवून हळूच आणखी एक मारला.

मी चमकलो. दुसऱ्या झाकणाला दोन, आणि वर एक. तिसऱ्याला तीन, आणि वर एक. असं करत सहाव्या झाकणावर सात ठिपके पडले. प्रत्येक वेळी तो शेवटचा ठिपका मारताना सोनबा जरा हसायचा. मित्रांनो, एवढं हसत हसत कुणी चूक करत नाही. ही काहीतरी ठरवून केलेली खूण आहे हे मी ओळखलं. चोरांसाठी असेल, नाहीतर दुसऱ्या शेडवाल्यांसाठी. मी हातोड्याला विचारलं, पण तो आयुष्यात कधी विचार करत नाही. झाकणं रंगायला गेली आणि मी सोनबाच्या डब्यात पडून राहिलो, मनात एवढं मोठं गुपित घेऊन.

चार दिवसांनी लाल रंग वाळला. झाकणं बसवायला सुरुवात झाली. दोन ठिपक्यांचं झाकण दोन ठिपक्यांच्या टाकीवर ठेवलं. भोकं जुळेनात. तीनचं तीनवर ठेवलं, तेही जुळेना. एक ठिपक्याचं झाकण शोधायला गेले तर ते सापडेचना. आणि ढिगाच्या तळातून एक झाकण निघालं, त्यावर सात ठिपके.

टाक्या सहा आणि हे सात नंबरचं झाकण आलं कुठून?

नानासाहेबांनी सगळ्यांना जिथं आहेत तिथंच उभं राहायला सांगितलं. रखवालदार सोपानरावांनी झाकणं मोजली, सहा भरली. ते म्हणाले, सहाच्या सहा आहेत, काही गेलेलं नाही. नानासाहेबांनी त्यांच्याकडं दयेनं बघितलं.

"सहा आहेत, सोपानराव. पण ही ती सहा नव्हेत. एक नंबरचं झाकण चोरलंय, आणि मोजणीत कळू नये म्हणून हे सात नंबरचं बाहेरून आणून टाकलंय."

ज्योतीराम मागून म्हणाला, "म्या न्हाई आणलं."

"तुला कुणी विचारलं का?"

"विचारताल म्हणून आधीच सांगायलो."

चोरानं एवढं वजनदार झाकण बाहेरून आणून दुसरं तेवढंच वजनदार झाकण उचलून का नेलं असेल, त्यापेक्षा आणलेलं घरीच का ठेवलं नसेल, हे कुणीच विचारलं नाही. विचारलं असतं तर विचारणाऱ्यावर संशय आला असता.

नानासाहेबांनी सोनबाला पुढं बोलावलं. झाकणांवर ठिपके कुणी मारले? म्या मारले, सोनबा म्हणाला. पहिल्या झाकणाला किती मारलेस? एक. सहाव्याला? सहा. शपथेवर? आईची शपथ, तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून मला धक्काच बसला, कारण तो खोटं बोलत नव्हता. मी स्वतः सात वेळा मार खाल्ला होता. खरा तो होता की मी?

मग सोपानरावांना एकदम आठवलं की परवा सोनबा डोक्यावर काहीतरी गोल घेऊन रूळ ओलांडून गावाकडं जात होता. सोनबा म्हणाला, परात हुती, लग्नाला दिलेली परत आणली. नानासाहेबांनी मान हलवली. परात म्हणायला ती पिंपरीत परात असेल, गोदीत असल्या पराती त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. त्यांनी मला पुरावा म्हणून जप्त केलं, आपल्या कोटाच्या खिशात टाकलं आणि घर बघायला सोनबाच्या मागं निघाले. रूळ ओलांडायच्या आत मी खिशाचं अस्तर फाडून त्यांच्या मांडीला टोचलो. ते थांबले, मागं बघितलं आणि सोनबाला पुढं चालायला सांगितलं.

रुक्मिणीबाईंनी फोरमनला दारात बघितलं आणि त्यांना वाटलं, कागद आला. साहेब स्वतः कशाला येतील नाहीतर? त्यांनी घोंगडी झटकून टाकली, चुलीवर आधण ठेवलं. नानासाहेब झडती घ्यायला आलो म्हणून सांगणार, तेवढ्यात त्यांच्या हातात चहा आला, दुधाचा आणि भरपूर साखरेचा. आता तो घशात असताना झडती कशी म्हणणार? ते बसले. चहा फुंकता फुंकता नजरेनं घर तपासू लागले. कोपऱ्यात परात होती. ती परातच होती.

सोनबा दाराशी उभा होता. बायकोला खरं सांगायची त्याला हिंमत होईना. ती मधूनमधून त्याच्याकडं बघून हसत होती, आणि तो खाली बघत होता. मला कोटातून एवढंच दिसत होतं, पण तेवढं बघूनही टोक बोथट झाल्यासारखं वाटलं.

त्या आधी रुक्मिणीबाई शेजारच्या अंबुबाईंना ज्वारी मापून देत होत्या, ते काम अर्धं राहिलं होतं. अंबुबाई पदर पसरून बसल्याच होत्या. साहेबांची माफी मागून रुक्मिणीबाईंनी पायली पुन्हा भरायला घेतली. पहिली पायली मोजताना एक न म्हणता लाभ म्हणतात; ती आणि दुसरी आधीच झाली होती. आता तीन, आता चार. आणि मग ओंजळभर ज्वारी उचलून त्यांनी हळूच वर टाकली, जरा हसून.

नानासाहेबांचा कप ओठाशीच थांबला.

"किती झाली, बाई?"

"चार की."

"आणि ही ओंजळ?"

"ती वरची."

"म्हणजे चार आणि एक ओंजळ."

रुक्मिणीबाईंना हसू आलं. "वरची मोजत्यात व्हय, साहेब? मोजली की बरकत जाती. मापल्यात त्या चारच."

नानासाहेबांनी कप खाली ठेवला. मग वळून अगदी हळू आवाजात विचारलं, "सोनबा, झाकणांवर ठिपके मारलेस. मोजून किती, ते तू सांगितलंस. वर किती मारलेस?"

"वर एक," सोनबा म्हणाला. "परतेकाला. नवं काम हाय, पहिल्यांदाच लोखंड बाहेरगावी चाललंय. कोरं मापून कसं देणार?"

तुम्ही हसाल, मित्रांनो. पण त्याच्या घरात शंभर वर्षं कुणी नेमकं मापून दिलं नव्हतं. नेमकं देणं म्हणजे चिकटपणा. आणि वरचं मोजणं म्हणजे दिलेलं परत मागण्यासारखं. त्यामुळं आईची शपथ खरी होती. त्यानं एकाला एकच मारला होता. वरचा वेगळा.

परत येताना रुळाजवळ नानासाहेब म्हणाले, सोनबा, हे गोदीत चालत नाही. सोनबा म्हणाला, व्हय साहेब. तेवढंच. नानासाहेबांनी माफी मागितली नाही, पण परातीचा विषय पुन्हा काढला नाही.

आता सरळ होतं. प्रत्येक झाकणावरचा एक ठिपका मिटवायचा. सोनबानं एकेक ठिपका ठोकून बुजवला, कानशीनं घासला. सातचे सहा झाले, सहाचे पाच, दोनाचा एक. नानासाहेब स्वतः मोजायला उभे होते. मग झाकण एक उचललं आणि टाकी एक शोधायला गेले.

एक नंबरची टाकी नव्हती. टाक्या दोनपासून सुरू होत होत्या आणि सातपर्यंत गेल्या होत्या.

सगळ्यांनी ज्योतीरामकडं बघितलं. या वेळी तो ओरडला नाही, त्यावरूनच कळलं. फोरमन गावात गेले होते तेवढ्या वेळात त्यानं विचार केला होता की टाक्यांवर ठिपके मारले आपण, झाकणांवरचे निघाले जास्त, म्हणजे शेवटी कमी मारल्याचा आळ आपल्यावर येणार. मी नानासाहेबांच्या खिशात होतो, म्हणून त्यानं एका जाड खिळ्याला टोक काढून सहाच्या सहा टाक्यांवर एकेक ठिपका वाढवून ठेवला होता. खिळ्यानं, मित्रांनो. ते ठिपके वेडेवाकडे होते. मला त्या लबाडीपेक्षा तेच जास्त लागलं.

"मला वाटलं, हिशेब जुळंल," ज्योतीराम म्हणाला. "जुळलाबी असता. तुम्हीच घासून ठेवलं."

आणि हे खरं होतं.

शेवटी ज्योतीरामच्या खिळ्याचे ठिपके एकेक करून बुजवले. ते करताना हातोड्याखाली माझ्या डोक्याचा एक कपचा उडाला आणि नानासाहेबांच्या चष्म्याची डावी काच तडकली. झालं असं होतं की रोज मार खाऊन खाऊन माझं डोकं चहूबाजूंनी पसरलं होतं, अळंबीच्या छत्रीसारखं. असं डोकं धोक्याचं असतं, ते वेळच्या वेळी घासून काढायचं असतं. आजवर कुणी काढलं नव्हतं. नानासाहेबांनी त्याच दिवशी मला सहाणेच्या चाकावर धरून छत्री घासून टाकली, टोकाला धार दिली, पुसूनसुद्धा ठेवलं. माझी काळजी कुणी घेतली ती ही पहिलीच वेळ. मी भारावून गेलो, आणि मनात म्हटलं, यात काहीतरी असणार.

झाकणं आता बसू लागली. एक, दोन, तीन. चौथं जरा हट्टी होतं. भोकं केसाएवढी पुढंमागं होत होती. अशा वेळी खुणा मारणारे मला दुसऱ्याच कामाला लावतात. सोनबानं मला एका भोकातून टोकानं खाली घातलं आणि जरा हलवलं, की झाकणाचं आणि टाकीचं भोक एका रेषेत येतं. मग बाकीचे बोल्ट सरळ पडतात. शेवटी मला काढायचं आणि तिथंही बोल्ट टाकायचा. एरवी माझी छत्री भोकाच्या तोंडावर अडकून राहायची. आज छत्री नव्हती. मी नुसता चिकटून उभा होतो.

सोनबा पान्हा आणायला वळला. तेवढ्यात ज्योतीराम पलीकडून आवळत आवळत आला आणि त्याला भोकात काहीतरी बिनाआट्याचं दिसलं. त्याला वाटलं, हा चुकीचा बोल्ट आहे, आणि उद्या हा आपणच घातला म्हणून सगळे आपल्यालाच धरतील. त्यानं इकडं तिकडं बघितलं, हातोडा घेतला आणि मला एका ठोक्यात आत घालवलं. वर नवाकोरा बोल्ट टाकला. आवळला.

टाकीच्या तळाशी मी पडलो तेव्हा बाहेर एवढी ठाणठाण चालली होती की माझा आवाज कुणाला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक आला. टाक्या चढवायच्या होत्या आणि नानासाहेब कोटाच्या खिशात तो कागद घेऊन आले होते, शेठच्या सहीचा. फाटकाशी रुक्मिणीबाई उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांनाही दिवस कळत होता. मला आत अंधारात सगळं ऐकू येत होतं. पत्रा जाड असला तरी आवाजाला वाट देतो.

कायम होणाऱ्यानं आधी आपली हत्यारं दाखवायची, असा नियम होता. हातोडा, पट्टी, रेघ मारायची सुई आणि पंच. सोनबानं तीन मांडली. चौथं काढायला डब्यात हात घातला. डबा पालथा केला.

नानासाहेबांचा आवाज बदलला. काल पुसून दिलेला पंच आज कुठं गेला?

तेवढ्यात साखळीनं चौथी टाकी उचलली आणि ती कलली. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गडगडत गेलो. मुद्दामच जास्त आवाज केला. सगळे थांबले. ज्योतीराम बारीक आवाजात म्हणाला की त्यानं काल एक वाकडा बोल्ट आत ठोकला होता, पण तो बोल्ट होता, अशी त्याला खात्री होती, म्हणजे काल होती.

टाकी खाली घेतली. एक बोल्ट काढून भोकातून आकडीची तार सोडली. मी दोनदा आकडीला लागलो. तिसऱ्या वेळी ज्योतीरामनं एवढ्या घाईनं ओढली की आकडीच तुटून माझ्याशेजारी पडली. तीही आता इथंच असते. फारशी बोलत नाही.

"साहेब," सोनबाचा आवाज आला, "चोवीस बोल्ट हायेत. म्या एकटा उघडतो, एकटा लावतो. ट्रक जरा थांबवा."

"आणि परत नाही बसलं तर?"

नानासाहेब वाईट माणूस नव्हते. मला त्यांच्या चपलेचा आवाज येत होता, दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं. पण गेले आठ दिवस त्यांनी ज्या झाकणांसाठी काढले होते, ती उघडायची त्यांची छाती होईना. शेवटी त्यांनी काढलेला बोल्ट परत लावायला सांगितला. कागदावर एक ओळ लिहिली आणि वाचून दाखवली. पंच मिळाल्यावर कायम करावे.

फाटकातून रुक्मिणीबाईंनी विचारलं, "झालं का?"

सोनबा म्हणाला, "व्हायचंय."

मित्रांनो, म्हणून माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. हत्यार वापरून झालं की जागेवर ठेवा. त्याच्या डोक्यावरची छत्री वेळच्या वेळी घासा, एकदम एकाच दिवशी घासू नका. आणि काहीही बंद करण्याआधी आत वाकून बघा, भले तुमच्यावर कुणी संशय घेतला तरी.

टाक्या चढल्या, दोर आवळले. ड्रायव्हरनं गाठी मारल्या. नानासाहेबांना त्या गाठी बरोबर वाटल्या नाहीत, म्हणून त्यांनी सोडून पुन्हा स्वतः बांधल्या. ट्रक फाटकाबाहेर पडताना पाण्याच्या चारीवरून उसळला, आणि चौथी टाकी मागून खाली आली. रस्ता ओलांडून ती समोरच्या ज्वारीत शिरली, उतारावरून घरंगळत गेली आणि बाभळीला जाऊन थडकली. आत मी आणि आकडी भरपूर आपटलो.

सगळ्यांच्या आधी सोनबा धावत आला. मी निघेन एवढी फट कुठं पडलीय का बघायला त्यानं झाकणाच्या कडेवरून चहूबाजूंनी बोट फिरवलं. मग नानासाहेब आले, मग ज्योतीराम. टाकीला एका बाजूला पोचा आला होता. झाकणाचे चोवीस बोल्ट जागेवर होते आणि कडेला केसाएवढीही फट नव्हती. नानासाहेबांनी झाकणावर थाप मारली आणि सोनबाला सांगितलं की इतकं पक्कं बसलेलं झाकण त्यांनी गोदीतसुद्धा बघितलं नव्हतं. मग सगळ्यांनी मिळून टाकी परत ट्रकवर चढवली, मला आत ठेवूनच.